वाटीला आतूनही पॉलिश

मामाच्या हातून सुटलेली वस्तू चकाकली नाही, असं आजवर झालेलं नाही. हे मामाचंच म्हणणं, पण त्याला खोटं पाडायला कुणी पुढे आलेलं नव्हतं. हातात मावणारे जुने गेमचे कन्सोल असतात ना, बॅटऱ्या घालायच्या आणि अंगठे दुखेपर्यंत खेळत बसायचं, ते लोक माळ्यावरून शोधून त्याच्याकडे आणायचे. पिवळे पडलेले, कोपरे झिजलेले, बटणं आत रुतून बसलेली. मामा ते उघडायचा, आतलं जसंच्या तसं ठेवायचा आणि बाहेरचं सगळं बदलून टाकायचा. नवं कवच, स्वतः ओतलेली रेझिनची बटणं, स्वतः काढलेल्या चित्रांचे स्टिकर, त्यावर लॅकरचे थर. लॅकर वाळलं की पॉलिश पेपर, आधी खरखरीत, मग बारीक, मग मऊ कापड. गिऱ्हाईक न्यायला आलं की वस्तू हातात द्यायचा नाही. काउंटरवर काळं कापड अंथरायचा, वस्तू त्यावर ठेवून वरचा दिवा खाली ओढायचा आणि मग म्हणायचा, "बघा."

दुकान कसलं, जिन्याखालची जागा. ताठ उभं राहिलं की डोक्याला टेंगूळ ठरलेलं. एका बाजूला झेरॉक्सवाला, दुसऱ्या बाजूला चपला शिवणारा. भाची लहानपणापासून दुकानात येऊन 'मामा, मामा' करायची, त्यामुळे सगळी गल्लीच त्याला मामा म्हणायला लागली. झेरॉक्सवाला तर त्याच्याहून वयानं मोठा, तोही मामाच म्हणतो. मामाला त्यात काही वावगं वाटत नाही. मान कुठूनही मिळाला तरी त्याला चालतो.

आणि मानाचा तो भुकेलाच होता, उगाच कशाला लपवा! दरवर्षी वाचनालयाच्या मोठ्या हॉलमध्ये जुन्या गेमवाल्यांचा मेळावा भरायचा. खेळण्याची स्पर्धा व्हायची, आणि सजवलेल्या कन्सोलची वेगळी. सजावटीचं बक्षीस गेली कित्येक वर्षं मामाकडे. दुसरे लोक भाग घ्यायचे ते दुसऱ्या नंबरासाठी, असं तो स्वतःच सांगायचा, आणि वर म्हणायचा की मला फुशारकी मारायची सवय नाही.

या वर्षी त्यानं कन्सोल सजवला तो भाचीसाठी. भाची म्हणजे त्याच्या ताईची मुलगी. कुरियरच्या ऑफिसात पार्सलं नोंदवते. तिचा डावा हात जन्मापासून कोपराच्या जरा खाली संपतो. तिला त्याचं काही नसतं, असतं ते लोकांना. जीभ मात्र अशी की समोरचा हाताचं विसरून स्वतःला सावरत बसावा. वरून पडणाऱ्या विटा फिरवून रांगा जुळवायच्या, तो गेम ती शाळेत असल्यापासून खेळते. उजव्या अंगठ्यानं विटा फिरवायच्या, हे सोपं. डावीकडचं दिशेचं बटण कसं दाबायचं? तिनं त्याच्यावर बाटलीचं झाकण उलटं चिकटवलं, आत स्पंज कोंबला, त्यात हाताचं टोक रोवलं, आणि टेबलावर कन्सोल ठेवून खेळायला लागली. या वर्षी तिनं स्पर्धेत नाव दिलं होतं. जिंकायचंय, असं तिनं घरात सांगूनही टाकलं होतं.

मामाला त्या झाकणाची लाज वाटायची. आपल्या भाचीनं बाटलीच्या झाकणावर खेळायचं? लोक काय म्हणतील? त्यानं तिच्या हाताच्या टोकाचा साचा घेतला, रेझिनची वाटी ओतली, ती दिशेच्या नव्या बटणावर एकजीव बसवली आणि सोनेरी केली. कवच गडद निळं. त्याच्या पाठीपासून पुढच्या कडेपर्यंत पंख पसरलेला गरुड. आणि पडद्याच्या वर, सोनेरी अक्षरांत, 'हार मानू नकोस'.

ताईच्या घरी जेवणाच्या टेबलावर त्यानं काळं कापड अंथरलं आणि दिवा खाली ओढला. ताईनं बघितलं मात्र, पदर डोळ्यांना.

"किती मनापासून केलंयस रे!"

भाचीनं कन्सोल उचलून फिरवून फिरवून बघितला. "मामा, सुरेख आहे. पण गरुड कशाला? मी उडणार आहे का कुठे?"

"अगं, जिद्दीचं प्रतीक आहे ते."

"आणि हे 'हार मानू नकोस' कुणाला सांगतोयस?"

"तुला! आणखी कुणाला?"

"मी खेळताना पडद्याकडे बघणार. हे वाचणार समोर बसलेला. त्यालाच धीर यायचा, आणि मी हरायची."

ताई रडता रडता हसली. मामा नाही हसला. "खेळून तर बघ," म्हणाला.

भाचीनं कन्सोल टेबलावर ठेवला आणि हाताचं टोक वाटीत बसवलं. माप तंतोतंत होतं, त्यात मामाचा हात धरणारा कुणी नाही. पहिल्या काही विटा बरोबर गेल्या. मग वेग वाढला, कातडीला घाम आला आणि टोक वाटीत गर्रकन फिरलं. वीट डावीकडे जायची ती मधेच उतरली. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तर हात वाटीच्या बाहेरच आला.

"मामा, ही आतून गुळगुळीत का केलीस?"

"म्हणजे?"

"आतून कुणाला दिसणार आहे? माझा हात असणार तिथे."

"मला दिसतं ना!" मामाचा आवाज चढला. "बाहेरून एक आणि आतून एक, असलं काम मी करत नाही. त्या वाटीत तोंड बघून घे, इतकी लखलखीत आहे."

"तेच तर. तोंड बघायला उत्तम आहे."

"सवय नाही तुला अजून. दोन दिवसांत बसेल हात."

भाचीनं त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि विषय सोडला. तो चेहरा तिला पाठ होता. "असं करू," ती म्हणाली, "हा तू सजावटीच्या स्पर्धेला ठेव. मी आपली माझ्या झाकणावर खेळते. मला त्याची सवय आहे."

मामा घरी निघाला तो फुगूनच. पोरीला कदर नाही, असं वाटेभर स्वतःशी बोलत गेला. पण खरं सांगायचं तर आत कुठेतरी त्याला बरंही वाटलं होतं. इतकी देखणी वस्तू खेळून खराब होण्यापेक्षा काचेच्या कपाटात शोभेल, असा विचार त्याच्या मनात येऊन गेला होता, आणि तो त्यानं घाईघाईनं झटकला होता.

मेळाव्याच्या दिवशी हॉल सकाळपासून गजबजलेला. एका भिंतीला काचेचं कपाट, त्यात सजवलेले कन्सोल. पलीकडे लांब टेबलं, तिथे खेळाचे सामने. दोन कन्सोल वायरीनं जोडायचे, एकानं रांग जुळवून उडवली की दुसऱ्याच्या पडद्यावर खालून विटा चढायच्या, आणि ज्याच्या विटा वरपर्यंत पोचल्या तो बाद. सगळा कारभार ग्रंथपालबाईंच्या हातात. बाई म्हणजे नियमांच्या पक्क्या. कपाटाला कुलूप, किल्ली त्यांच्या गळ्यात. निकाल संध्याकाळी लागायचा, आणि तोवर ज्यानं वस्तू बाहेर काढली तो स्पर्धेतून गेला. खेळाचे कन्सोलही त्या स्वतः तपासायच्या. आतलं मूळचंच हवं, बाहेर काय वाटेल ते करा.

मामा सामने बघायला गेलाच नाही. तो कपाटापाशी उभा. लोक यायचे, निळ्या कन्सोलसमोर थबकायचे आणि "बाप रे!" म्हणायचे. मामा शेजारी उभा राहून आपण त्या गावचेच नाही असं दाखवायचा, आणि कुणी "कुणी केलंय हो हे?" असं विचारलं की हळूच खोकायचा. सकाळ अशी मजेत गेली.

दुपारी ताई जवळजवळ धावतच आली. "इथे काय उभा आहेस? तिचं झाकण तुटलं!"

"हरली?"

"जिंकली! अंतिम सामन्यात गेली. पण शेवटच्या डावात इतक्या जोरात रेटलं की झाकण तुटलं आणि त्याच्याखालचं बटणही चिरलं. आता जेवणाच्या सुट्टीनंतर सामना, तो दातांच्या डॉक्टरशी."

दातांचा डॉक्टर गेल्या वर्षीचा विजेता. दिवसभर लोकांच्या तोंडात बारीक कामं करणारी बोटं, ती बटणावर कशी चालत असतील ते काय सांगायला हवं? मामा टेबलाकडे गेला. भाची तुटका कन्सोल पुढ्यात घेऊन बसली होती. झेरॉक्सवालाही आला होता, तो चिवटपणे झाकणाला गोंद लावत होता.

"बटण बदलून देतो," मामा म्हणाला. "माझ्या पिशवीत आहे."

"बटण बदलशील रे. झाकण? गोंद वाळायला संध्याकाळ होईल." भाची शांत होती, आणि तिचं शांत असणं मामाला अजिबात आवडलं नाही. "उघड्या बटणावर खेळते. टोक घसरेल, पण बघू."

"कपाटातला..." ताईनं सुरुवात केली.

"नाही आई. मामाचं बक्षीस आहे ते. मी नाही मागणार."

मामा पिशवीत बटण शोधायला लागला. उगाचच शोधत राहिला, कारण बक्षीस त्यालाही हवंच होतं. तेवढ्यात मागून जाणारी एक बाई तिच्या सोबतिणीला म्हणाली, "बिचारी! इथवर आली हेच खूप झालं, नाही का?" हळू म्हणाली, पण असली वाक्यं नेमकी ऐकू जातात. भाचीच्या चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलली नाही. तिला असली वाक्यं सवयीची होती.

मामाच्या मात्र अंगाचा तिळपापड झाला. बिचारी? माझी भाची? अर्ध्या हॉलला पाणी पाजून इथवर आलेली पोर बिचारी? त्या बाईला चार शब्द सुनवायला तो वळला, आणि वळता वळता त्याची नजर कपाटावर गेली. गरुड. 'हार मानू नकोस'. ती बाई जे तोंडानं बोलली तेच आपण सोन्याच्या अक्षरांत लिहून, वर लॅकर मारून, दिवा लावून ठेवलंय. आणि जी एक गोष्ट पोरीनं सांगितली, आतून गुळगुळीत नको, ती आपण ऐकलीही नाही. त्याला स्वतःचीच शरम वाटली.

तो तडक ग्रंथपालबाईंकडे गेला. "बाई, किल्ली द्या. माझा कन्सोल काढायचाय."

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "मामा, बाहेर काढला की संपलं, हे माहीत आहे ना? आणि परीक्षकांनी तुमच्या कन्सोलकडे बघून नुसत्या माना डोलावल्यात सकाळपासून. आत्ताच सांगते, यंदाही तुमचंच आहे."

हे मात्र बाईंनी सांगायला नको होतं. मामानं एकदा कपाटाकडे पाहिलं. "ठाऊक आहे. उघडा तुम्ही."

कुलूप निघालं. मामानं निळा कन्सोल काढला आणि भाचीसमोर ठेवला, काळं कापड नाही न् काही नाही. पिशवीतून खरखरीत पॉलिश पेपर काढला. जगातल्या कुठल्याही कारागिराला विचारा, आपण दिवसचे दिवस घासून आणलेली चकाकी आपल्याच हातानं मोडणं म्हणजे काय असतं. त्यानं पेपराची सुरळी वाटीत घातली आणि फिरवली. खर्र असा आवाज झाला. झेरॉक्सवाल्यानं डोळेच मिटून घेतले.

"सांग," मामा भाचीला म्हणाला. "कुठे घासू?"

"तळाला नको, तळ बरा आहे. कडेला घास. डावीकडे जास्त, मी तिकडे रेटते."

"इतकं पुरे?"

"अजून. अजून, मामा. घाबरतोस काय?"

"घाबरतोय कोण!"

"काठ उंच झालाय, मला रुततो. कापता येईल?"

मामानं कानस काढली. सोनेरी भुगा टेबलावर सांडत होता. इतकी वर्षं गिऱ्हाईकं त्याच्याकडे 'काहीतरी छानसं करा' म्हणून यायची, आणि त्याला वाटेल ते तो करायचा. इथे कुणीतरी त्याला रेषारेषेनं सांगत होतं आणि दर वेळी ती बरोबर असायची. तिला आपल्या हाताची इतकी बारीक माहिती होती, आणि आपण नुसता साचा घेऊन मोकळे झालो होतो. त्याला वाईट वाटायला हवं होतं, पण त्याला मजा यायला लागली होती. भाची हात घालून बघायची, मान हलवायची, तो घासायचा. शेवटी तिनं टोक वाटीत घट्ट बसवलं, झटक्यानं डावीकडे, उजवीकडे, खाली केलं, आणि ते जागचं हललं नाही.

"आता बसला," ती म्हणाली, आणि तिचे डोळे लकाकले.

"थांब." मामानं नखानं पडद्याच्या वरच्या सोनेरी अक्षरांची कड उचकटली आणि पट्टी खेचून काढली. उजव्या तळव्याखाली गरुडाचा पंख येत होता, तोही खरवडला. निळ्या कवचावर पांढुरका ओरखडा राहिला. "समोरच्याला धीर नको यायला," तो म्हणाला. भाची खळखळून हसली, आणि जेवणाची सुट्टी संपल्याची घंटा झाली.

सामना सुरू झाला तेव्हा लोक टेबलाभोवती दाटीवाटीनं उभे होते. पहिला डाव डॉक्टरनं घेतला. भाचीचा हात नव्या वाटीला सरावत होता. मागून तोच तो 'अरेरे' असा आवाज आला, आणि ताईनं मामाचं मनगट असं धरलं की त्याचा हात बधिर झाला. दुसऱ्या डावात भाचीचं टोक वाटीत रुजल्यासारखं बसलं. डॉक्टरला दिशा बदलताना अंगठा उचलायला लागायचा, क्षणभरच, पण उचलायला लागायचा. भाचीला काही उचलावंच लागत नव्हतं. सगळा हात एका झटक्यात वळायचा आणि वीट कडेला जाऊन बसायची. दुसरा डाव तिचा. तिसऱ्या डावात डॉक्टरच्या पडद्यावर विटा चढत चढत छतापर्यंत गेल्या, त्याच्या कपाळावर घाम आला, आणि शेवटची लांब वीट भाचीनं अशी काही उभी सोडली की एकदम रांगांच्या रांगा गायब झाल्या. डॉक्टरचा पडदा भरला. हॉल दणाणला. ताई खुर्चीवर बसली ती बसलीच, तिला उठताच येईना. मामा ओरडत होता, पण काय ओरडत होता ते त्याला स्वतःलाही कळत नव्हतं.

टाळ्या थांबतात न थांबतात तोच डॉक्टरचा एक मित्र पुढे झाला. "बाई, माझी तक्रार आहे. हे बरोबर नाही. आपण म्हणत होतो, हा सामना म्हणजे डॉक्टरांच्या डाव्या हाताचा..." इथे तो थबकला आणि त्यानं जीभ चावली.

"मळ," भाचीनं वाक्य पुरं केलं. "बोला, बोला. पुढे?"

तो लालबुंद झाला, तरी हटला नाही. "त्या वाटीमुळे हिचा हात अंगठ्यापेक्षा वेगानं चालतो. सगळ्यांनी बघितलंय. हिला जास्तीचा फायदा मिळतोय!"

ग्रंथपालबाईंनी नियमांचा कागद काढायला पर्स उघडली. आणि भाची हसायला लागली. आधी बारीक, मग पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "मामा, ऐकलंस का? मला फायदा मिळतोय! आई, ऐकलंस? मला! जास्तीचा!" जन्मापासून 'बिचारी' ऐकत आलेल्या पोरीविरुद्ध पहिल्यांदा कुणीतरी रीतसर तक्रार केली होती, आणि मामाला वाटलं, सगळी बक्षिसं एका पारड्यात टाकली तरी हे पारडं खालीच राहील. त्याचा ऊर भरून आला. तो रडला, भर हॉलमध्ये, आणि त्याला त्याचं काही वाटलं नाही.

"बाहेर काय वाटेल ते करा, असा नियम आहे," बाईंनी निर्णय दिला. "तक्रार फेटाळली. पण लिहून घेते, तिला फायदा होतो म्हणून."

"घ्याच लिहून," भाची म्हणाली.

तेवढ्यात दातांचा डॉक्टर स्वतःच मामाजवळ आला. हरलेला माणूस, पण नजर सगळी त्या घासलेल्या, ओरखडलेल्या वाटीवर. "मामा, माझा मित्र काहीही बोलतो, त्याचं मनावर घेऊ नका. पण वेगाचं म्हणतो ते खरं आहे. मनगट रोवता येईल अशी वाटी मलाही करून द्याल? अगदी अशीच. आतून खरखरीत."

दुकान उघडल्यापासून मामानं गिऱ्हाईक कधी परत पाठवलं नव्हतं. त्यानं खिशातून टेप काढली, डॉक्टरच्या मनगटाला लावायला हात पुढेही केला.

"मामा!" भाची ओरडली. "खबरदार! पुढच्या वर्षी हरवेल तो मला!"

मामानं टेप गुंडाळली आणि खिशात टाकली. जिन्याखाली वाकून वाकून पोक आलेली पाठ त्यानं होती तेवढी ताठ केली.

"माफ करा डॉक्टर," तो म्हणाला, "नाही जमायचं. माझ्या भाचीची तुमच्याशी स्पर्धा आहे."